नारळाची गाडी सोडायची नाही

"परदेशात माणूस हरवतो काहून? नियम पाळत न्हाई म्हणून!"

साखऱ्याजवळच्या तांड्यावर प्रेमदास राठोडनं हे वाक्य पंधरा दिवस भेटेल त्याला ऐकवलं. तो स्वतः तोवर हैदराबादच्या पुढं गेला नव्हता! पण त्याच्या कृषी केंद्रातून बियाणं असं काही खपलं, की कंपनीनं चाळीस दुकानदारांत त्यालाही थायलंडला न्यायचं ठरवलं. बाकीचे एकेकटेच निघाले. प्रेमदासनं मात्र हट्टानं बायकोला, संगिताला, सोबत घेतलं.

"लग्नात म्हणलं व्हतं, तुला समुद्र दाखवीन. आता दाखवतोच!"

नियमही त्यानंच केले. दोघांचे पासपोर्ट त्याच्या बनियनच्या चोरखिशात, वरून दोन सेफ्टी पिना. संगिताचा मोबाईल हॉटेलातल्या बॅगेत कुलूपबंद, कारण "हिसकावून नेतेत!" हॉटेलच्या पत्त्याची दोन्ही कार्डं त्याच्याच खिशात, कारण "तू माझ्यासंगंच हायस ना!" आणि सगळ्यात मोठा नियम तो लहानपणी जवळा बाजार या गावी मामाकडं शिकला होता: बाजारात शिरायच्या आधी भेटायची जागा ठरवायची. तिथला भजेवाला मामाच्या वडिलांच्या काळापासून तसूभर सरकला नव्हता.

पहिले दोन दिवस थंडगार हॉलमध्ये फवारणीवरची भाषणं ऐकण्यात गेले. समुद्र शेवटच्या दिवशी होता, दुपारी चारला. त्याआधी दोन तास बाजार.

बाजाराच्या तोंडाशी लाल छत्रीखाली शहाळ्यांची एक गाडी उभी होती. प्रेमदासनं बोट दाखवलं. "चुकामूक झाली तर या नारळाच्या गाडीपाशी यायचं. अन् काहीबी झालं तरी गाडी सोडायची न्हाई. मी येतो."

"बरं," संगिता म्हणाली.

चुकामूक दहाव्या मिनिटाला झाली, आणि तीही नियम करणाऱ्यामुळंच! त्याला बॅटरीवरचा फवारणी पंप दिसला. नोझल फिरवून बघण्यात अर्धा तास गेला. बाहेर आला तर संगिता नाही. 'गाडीपाशी असंल,' म्हणत तो रमतगमत निघाला.

तिथं गाडीच नव्हती! त्या जागी एक बाई चपला मांडून बसली होती.

प्रेमदास तिला गाडीचं विचारायला गेला. नारळ कसा सांगायचा? त्यानं स्वतःच्या डोक्यावरून गोल हात फिरवला. बाईनं त्याला टोपी आणून दिली.

तेवढ्यात जवळा बाजारचे दुकानदार उत्तमराव भेटले. "वहिनीला फोन लावा की!"

"फोन बॅगेत हाये."

"मंग कार्ड दाखवून हॉटेलात जातील त्या."

"कार्ड माझ्यापाशी हायेत."

"अन् पासपोर्ट?"

प्रेमदासनं छातीवर हात ठेवला.

"म्हणजे तुमी एकदम बराबर सेफ हाव, राठोड!" उत्तमराव म्हणाले.

हे मात्र फार लागलं. आपण सगळी सुरक्षा स्वतःच्याच अंगावर चढवून बसलो आणि बायकोला परमुलखात रिकाम्या हातानं सोडलं, याची त्याला लाज वाटली.

बाकीचे एकोणचाळीस दुकानदार बाजारभर पांगले. "संगितावहिनी!" अशा हाकांनी थायलंडचा बाजार दणाणला! गाइडनं प्रेमदासला पोलीस चौकीत नेलं. तिथं फोटो मागितला. पिना घाईत निघेनात, तेव्हा सदरा काढून तो बनियनवर उभा राहिला. पासपोर्ट उघडला तर फोटोतली संगिता घाबरलेली. 'हसू नको, सरळ बघ,' असं फोटोच्या वेळी आपणच तिला दटावलं होतं! प्रेमदासचे डोळे भरून आले.

चार वाजले. समुद्राकडं जायची बस तशीच उभी राहिली. सहाला गाइड म्हणाला, आता विमानतळ गाठावाच लागेल.

इतक्यात रस्त्याच्या टोकाला लाल छत्री दिसली. एका बाजूनं शहाळेवाली बाई गाडी ढकलत होती, आणि दुसऱ्या बाजूनं पदर खोचून संगिता!

"अगं, कुठं गेली व्हतीस?"

"कुठंच न्हाई. गाडीपाशीच व्हते. गाडी निघाली, मंग मीबी निघाले. तुमीच म्हणलं व्हतं ना, सोडायची न्हाई!"

"अन् गाडी कुठवर गेली?" उत्तमरावांनी विचारलं.

"पार समुद्राच्या काठाला."

एकोणचाळीस दुकानदारांनी एकदम प्रेमदासकडं पाहिलं. त्यांचा समुद्र त्याच्या पायी गेला होता!

बस सुटल्यावर प्रेमदास खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. फोन, कार्ड तुझ्यापाशी ठेवाय पायजे व्हतं. लई तकलीफ दिली तुला." मग जरा धीर करून त्यानं विचारलं, "पन तू तरी बघितलास ना? कसा व्हता समुद्र?"

"न्हाई बघितला."

"अगं, दोन घंटे तरी काठावर व्हतीस!"

"पाठ करून बसले व्हते. शहाळेवाली सारखी बोट दाखवायची. मी तिला आपल्या गोरमाटी बोलीत सांगितलं, मालक येऊन राहिलेत, ते दाखवणार हायेत. तुमी येताल, मंग संगंच बघू म्हणलं."

प्रेमदास ताडकन उठला. "गाडी थांबवा!"

गाइडनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. प्रेमदास खाली बसला.

"आवाज तरी ऐकलास?"

"ऐकला. लई मोठा असतो."

तांड्यावर परतल्यावर सगळे गोळा झाले. म्हातारी भिकाबाई म्हणाली, "सांग रे पोरा, कसा असतो समुद्र?"

प्रेमदासनं बायकोकडं पाहिलं, खाली मान घातली आणि म्हणाला, "आवाज लई मोठा असतो."