पाटीतला समुद्र

एका जंगलात, जिथे समुद्र सोडून बाकी सगळं होतं, एक साळू राहत होती.

मुलांनो, साळू म्हणजे साळिंदराची बायको. तिच्या अंगावर लांब लांब काटे असतात, पण स्वभावाने ती गरीब असते. काटे फुलवायचं काम घरात बहुधा साळिंदराकडे असतं. या साळूच्या साळिंदराचं नाव टोकेराव.

साळूला एकच वेड होतं. तिला समुद्र चाटायचा होता.

हसू नका. साळिंदरांना मीठ फार आवडतं. जंगलात मीठ मिळत नाही, म्हणून ती बिचारी पडलेली हाडं नि हरणांची शिंगं कुरतडत बसतात. साळू लहान होती तेव्हा एका उडत्या पाखराच्या चोचीतून तिच्यासमोर शिंपला पडला. तिने तो चाटून पाहिला.

"आई, हे कुठलं गं?"

"समुद्राचं असणार," आई म्हणाली. "तिथे सगळं असंच खारट असतं म्हणे, पार आकाशापर्यंत."

लग्न होऊन साळू टोकेरावांच्या बिळात आली, तेव्हा माहेरून तिने तो शिंपला तेवढा आणला. चाटून चाटून त्याची चव केव्हाच गेली होती. तरी कधीमधी ती त्याला जीभ लावून बघायची.

त्या जंगलात एक चांगली पद्धत होती. दर वर्षी पावसाळा सरला की हत्तींचा कळप समुद्राला जायचा. जाताना प्रत्येक घरातल्या एकाला पाठीवर बसवून न्यायचा आणि परत आणून सोडायचा. साळिंदरांना मात्र एक अट होती. काटे मिटून बसायचं. एक जरी काटा उभा राहिला तरी कळपातली थोरली हत्तीण सोंडेने उचलून वाटेत ठेवून द्यायची.

साळूला काटे मिटण्याचा चांगला सराव होता. सासरी तो आपोआप होतो.

पण दर वर्षी काही ना काही निघायचं. एका वर्षी पिल्लं झाली. एका वर्षी सासूबाईंचा दात दुखू लागला. एका वर्षी टोकेरावांचे काटे गळले, तेव्हा ते दुःख बघायला घरात कुणीतरी हवंच होतं.

"पुढच्या वर्षी नक्की जा," टोकेराव म्हणायचे. मनाने ते फार मोठे. पुढचं वर्ष देताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

मग जंगलात माकडाने कंपनी काढली. तिचं नाव 'घरबसल्या जग'.

कंपनीकडे काचेच्या पाट्या होत्या. पाटी बिळात उभी करायची, नाकाने जरा ढोसायची, की हवं ते दिसायचं. बर्फाचे डोंगर म्हणा, वाळवंट म्हणा, समुद्र म्हणा.

"शिवाय वहिनी, हिच्यापुढे जे कराल ते ही लक्षात ठेवते," माकड म्हणालं. त्याने पाटीपुढे एक कोलांटी मारली आणि बाजूला झालं. पाटीतलं माकड मात्र कोलांट्या मारतच राहिलं. थांबायचं नावच घेईना.

"दिसतं छान," साळू म्हणाली. "चव येते का?"

"चव पुढच्या पाटीत येणार आहे."

टोकेरावांनी लगेच एक पाटी घेतली. "बघ, खास तुझ्यासाठी. चालायला नको, दमायला नको, वाटेत बिबट्या नाही. आणि समुद्र बघता बघता कंदही सोलून होतात."

साळूने समुद्र पाहिला. निळा होता आणि हलत होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने पाटी चाटली. माकडाच्या बोटांची चव आली.

दोन दिवसांनी शेजारच्या घोरपडकाकू भिंतीला चिकटून आत डोकावल्या.

"काय गं, समुद्रावर जाऊन आलीस म्हणे. आमच्यासाठी काय आणलंस?"

"पाटीतून काही आणता येत नाही, काकू."

"असू दे बाई. द्यायचं नसेल तर तसं सांगावं."

सासूबाईंचं दुसरंच. "परवा बर्फात गेली, काल वाळवंटात, आज पुन्हा समुद्रावर. आणि कंद बघा, अर्धवट सोललेले. आमच्या वेळी सुना नदीपर्यंतसुद्धा जात नव्हत्या."

अशी ती साळू जंगलातली सगळ्यात जास्त हिंडलेली सून ठरली. बिळाबाहेर ती फक्त कंद उकरायला जायची.

पुन्हा पावसाळा सरला. ऊन कललं की कळप निघणार, असा हत्तींचा निरोप आला. या वर्षी कुणाचा दात दुखत नव्हता. पिल्लं मोठी होऊन आपापले कंद आपण उकरत होती. साळू शिंपला घेऊन टोकेरावांपुढे उभी राहिली.

"अहो, मी निघते."

"कुठे?"

"समुद्राला."

"अगं, वर्षभर तू तिथेच तर होतीस."

"ते पाटीत."

"पाटीत काय नि पाण्यात काय. पाहिलास ना? एकाच ठिकाणी किती वेळा जायचं माणसाने? हत्तीवर दर घराला जागा एकच. मी तर एकदाही पाहिला नाही. या वर्षी मी जातो."

टोकेराव साळिंदर असूनही स्वतःला माणूस म्हणायचे. नवऱ्यांची तशी पद्धत असते.

"बरोबर आहे त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "घरासाठी झिजला, कुठे म्हणून गेला नाही बिचारा."

"मग तुम्हीही पाटीतच बघा ना," साळू म्हणाली.

"पाटीत बघण्यात काय मजा आहे?" टोकेराव म्हणाले.

आपण काय बोललो ते टोकेरावांच्या लक्षात आलं नाही. ते जांभई देत म्हणाले, "मी जरा पडतो. उठलो की पोटभर वाढ. उपाशीपोटी प्रवास बरा नव्हे."

साळूने काटे मिटून घेतले. "हो," ती म्हणाली.

टोकेराव घोरू लागले. पाठोपाठ सासूबाईही. साळूने पाटी स्वच्छ पुसली आणि तिच्यापुढे बसून ती कंद सोलू लागली. मग वर बघून गोड हसली आणि म्हणाली, "बसा हं, वाढतेच आता."

तेवढं पुरे होतं. सोललेले कंद तिने स्वतः खाल्ले. टोकेरावच म्हणाले होते ना, उपाशीपोटी प्रवास बरा नव्हे. नंतर तिने पाटी कंदांच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली, शिंपला उचलला आणि चालू लागली.

टोकेराव उठले. अंधारात कोपऱ्यात बायको दिसत होती. ते पान मांडून बसले.

"वाढ गं."

"बसा हं, वाढतेच आता."

ते बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "लवकर कर. हत्ती निघतील."

"बसा हं, वाढतेच आता."

"आज सून गोड बोलतेय," सासूबाई म्हणाल्या आणि त्याही पान घेऊन बसल्या. "उलट उत्तर नाही. समुद्राचं नाव नाही. अशी आधीपासून असती तर काय हवं होतं?"

स्वतः उठून एखादा कंद घ्यावा, असं टोकेरावांच्या मनात आलं नाही. ते त्यांचं काम नव्हतं. बाहेर हत्तींच्या पावलांनी जमीन हादरली. मग हादरे लांब गेले आणि थांबले.

टोकेराव ताडकन उठले. सगळे काटे फुलवून बायकोच्या अंगावर धावून गेले. नाक काचेवर आपटलं.

"बसा हं," साळू म्हणाली, "वाढतेच आता."

तिकडे खरी साळू काटे मिटून हत्तिणीच्या पाठीवर बसली होती. सगळ्या वाटेत एकही काटा हलला नाही. वाळू लागली तशी थोरलीने तिला अलगद खाली ठेवलं.

"आता सोड बाई काटे. इथे कुणाला टोचत नाहीत."

साळूने सगळे काटे एकदम उभे केले. त्यांच्यात वारा शिरला आणि ते सळसळले. आपले काटे असे वाजतात हे तिला माहीत नव्हतं. मग ती पाण्यापाशी गेली आणि तिने जीभ लावली.

फार खारट होतं. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"कसा आहे?" थोरलीने विचारलं.

"पाटीत दाखवतात तेवढा निळा नाही," साळू म्हणाली. शिंपला तिने पाण्यात मुरत ठेवला आणि पुन्हा वाकली.

इकडे घोरपडकाकू भिंतीला चिकटून आत डोकावल्या. टोकेराव बरेच बारीक झाले होते.

"काय भावजी, साळू घरात नाही वाटतं?"

बायको निघून गेली, असं कसं सांगणार?

"आहे की," टोकेराव म्हणाले. "ती काय, दिसत नाही?"

काकूंनी पाहिलं. दिसत तर होती.

"मग जेवणं झाली का?"

"हो तर," टोकेराव म्हणाले. "केव्हाचा बघतोय."

तात्पर्य : मुलांनो, प्रवास घरबसल्याच करावा. त्यात समुद्र दिसतो, पाय दुखत नाहीत आणि घरच्यांचे हाल होत नाहीत. मात्र हे सुख नेहमी दुसऱ्याला द्यावं, स्वतः घेऊ नये. स्वतः घेतलं की भूक लागते.