जिन्यावरून जाणारी फाइल

फाइल पोचायला अकरा तास सोळा मिनिटं लागतील असं कॉम्प्युटरने सांगितलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. फाइलला खालच्या खोलीतून वरच्या खोलीत जायचं होतं. मध्ये एक हॉल आणि सतरा पायऱ्यांचा जिना. तेवढ्या वेळात माणूस विमानाने दुसऱ्या खंडात उतरून स्वतःच्या बॅगेची वाट बघत उभा राहिला असता.

"अकरा तास?" ताई जिन्यात येऊन ओरडली. "बैलगाडीतून पाठवतोयस का?"

"वायर तीच आहे, नेटचा बॉक्स तोच आहे. परवापर्यंत सात मिनिटं लागायची," धाकटा म्हणाला.

"मग परवाच्या दिवसाला परत बोलव."

दोघा भावंडांचं काम घरातूनच चालायचं. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला कोणतं बटण कधी दाबावं हे समजावणारे चाळीस व्हिडिओ हवे होते. धाकटा खालच्या खोलीत मशीनसमोर उभा राहून ते चित्रित करायचा, ताई वरच्या खोलीत बसून ते कापायची. वायफाय नवव्या पायरीवर दम तोडायचं, म्हणून दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडले होते. वायर हॉलमधून भिंतीच्या कडेने जात होती. महिनाअखेरचा रविवार ही शेवटची तारीख.

हॉलमध्ये, भिंतीला टेकून, बाबा होते. चौतीस वर्षं पोस्टमन म्हणून चालल्यावर बाबा निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिसवी खुर्चीत जे बसले ते गेली दोन वर्षं तिथेच होते. डॉक्टरांनी मागच्या खेपेला रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं होतं, "रोज चाळीस मिनिटं चाला. तीन आठवड्यांनी साखर हीच निघाली, तर इंजेक्शनं सुरू." बाबांनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "माझ्या वाटणीचं चालून झालंय." आईने घरी आल्यावर आधी समजावलं, मग अबोला धरला, मग अबोल्याचा काही उपयोग नाही असं लक्षात आल्यावर पुन्हा बोलायला लागली. बाबांना हे तिन्ही टप्पे बसल्याबसल्या बघता आले.

धाकट्याने बॉक्स बंद करून चालू केला. वायरची टोकं काढून पुसून लावली. बॉक्स फ्रिजपासून लांब नेला, मग पुन्हा फ्रिजजवळ आणला, कारण लांब नेऊन काही फरक पडला नव्हता आणि तिथे तो पायात येत होता. बाबा खुर्चीतून हे सगळं बघत होते.

"पत्ता बरोबर टाकलास का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, यात पत्ता नसतो. म्हणजे असतो, पण आपण टाकत नाही."

"मग जातंय कुठे ते तरी नक्की माहितीये का?"

दुपारी नेटवाला आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला अवजारांची पिशवी. त्याला बघताच बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. हा त्यांचा नियम होता. चौतीस वर्षांत लोकांनी त्यांच्याकडून बसल्याबसल्या, हात लांब करून पत्रं घेतली होती. त्यामुळे आपल्या घरी गणवेशातला माणूस काम करत असताना आपण बसायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग तो गॅस सिलिंडरवाला असो की मीटर वाचणारा.

नेटवाल्याने फाइल पाठवून बघितली. सेकंदाला नव्व्याण्णव एमबी. सात मिनिटांत फाइल वर.

"चालू आहे की," तो म्हणाला.

"आत्ता नव्हतं!" धाकटा म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात." त्याने सही घेतली आणि तो गेला. बाबा बसले. पुढची फाइल अकरा तासांवर आली.

नेटवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. बाबा उठले. नव्व्याण्णव. तो गेला, बाबा बसले. एक. तिसऱ्या दिवशी तर त्याने पिशवीच उघडली नाही. दारात उभ्याउभ्याच म्हणाला, "बघा, चालू झालं असेल." झालं होतं.

"आता काय करायचं आम्ही?" ताईने विचारलं.

"माझा एक फोटो लावून ठेवा बॉक्सजवळ," तो म्हणाला, आणि यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

आई आतापर्यंत गप्प होती. ती भांडी पुसत म्हणाली, "एवढीशी गोष्ट आहे ना ती? मग हातात धरून न्या की वर."

सूचना अपमानास्पद होती, पण हिशेबात बसत होती. फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, सतरा पायऱ्या चढायच्या, वर उतरवायची. वीस मिनिटं. अकरा तासांपुढे वीस मिनिटं म्हणजे वीजच. फक्त धाकट्याने पहिलाच पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला, शर्टावर चहा सांडला म्हणून तो बदलला, आणि तेविसाव्या व्हिडिओसाठी मळका कपडा हवा होता म्हणून तोच शर्ट मशीनमध्ये टाकला. 'नाजूक कपडे' या बटणाचा परिणाम अतिशय सुंदर चित्रित झाला. मधूनमधून काचेवर टक् टक् असा आवाजही त्यात येतो.

बाबांनी धुतलेला पेनड्राइव्ह हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"दुसऱ्याच्या नावाची वस्तू," ते म्हणाले, "तू स्वतःच्या खिशात ठेवलीस?"

"विसरलो हो बाबा."

"चौतीस वर्षांत माझ्या हातून एक कार्ड हरवलं नाही. पुरात नाही, संपात नाही. आणि तुझ्या हातून हॉल ओलांडताना?" बाबा उठले. या वेळी कुणीही दारात आलेलं नव्हतं. "आण दुसरा. कुठे द्यायचाय?"

"ताईला. वर."

"पूर्ण सांग."

असा बटवडा सुरू झाला. बाबांनी माळ्यावरून जुनी खाकी पिशवी काढली. प्रत्येक पेनड्राइव्ह पाकिटात जायचा आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरात पत्ता यायचा : 'ताई, वरची खोली, जिना चढून डाव्या हातास.' वर गेल्यावर वहीत ताईची सही. सही झाल्याशिवाय पाकीट मिळायचं नाही.

"बाबा, मी तुमची मुलगी आहे. ओळखता ना?"

"ओळखीवर टपाल देत नाहीत. सही कर."

पहिले दोन दिवस ताईला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना बाबा येऊन गेले, आणि बाहेर आल्यावर तिला दाराच्या फटीत चिठ्ठी सापडली : 'दार बंद आढळले. पुन्हा चार वाजता येऊ.' ती तरातरा खाली आली.

"द्या ना आत्ता! इथेच तर आहे पिशवीत!"

"चार वाजता," बाबा म्हणाले. "रस्त्यात कुणी गाठलं म्हणून मी पिशवी उघडत नाही."

पण काम पुढे सरकत होतं. एकेका व्हिडिओच्या चार-पाच फाइली व्हायच्या, त्यामुळे बाबा दिवसातून चौदा खेपा करत होते. सकाळी लवकर दाढी करून तयार असायचे. जेवताना बोलायचे. एकदा तर जिन्यात शीळ घालताना ऐकू आले, आणि आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

मग एका मंगळवारी धाकटा एक फाइल वायरने पाठवायला लावून ती थांबवायचं विसरला. चित्रीकरण आटोपून त्याने सहज पडद्याकडे बघितलं, तर नव्व्याण्णव. बाहेर बाबांची पावलं जिना चढत होती. पावलं उतरून आली, खुर्ची करकरली. एक. धाकटा हळूच हॉलमध्ये आला.

"बाबा, जरा उठता?"

बाबा उठले. त्याने आत धावत जाऊन बघितलं. नव्व्याण्णव.

"आता बसता?"

बाबा बसले. एक.

"परत उठा बरं."

"उठाबशा काय लावल्यास? गृहपाठ केला नाही का मी?"

धाकटा गुडघ्यावर बसून खुर्चीखाली वाकला. खुर्चीच्या मागच्या पायाखाली वायर चेपलेली होती. रिकाम्या खुर्चीचा भार वायर सोसत होती, बाबांचा सोसत नव्हती. तो मान वर करून काही बोलणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली, आणि ती हाक नसून हुकूम होता.

"तोंड उघडलंस तर बघ," आई आत कुजबुजली.

"तुला माहीत होतं?"

"वायर झाडूत अडकत होती, म्हणून मीच तिथे खोचली. तेव्हा नव्हतं माहीत. नेटवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा कळलं. यांनी उठायचं आणि तुमचं चालू व्हायचं."

"मग सांगायचं नाही? आम्ही आठवडाभर डोकं फोडतोय!"

"मी दोन वर्षं फोडतेय," आई म्हणाली. "गोड बोलले, रागावले, रडून पाहिलं. तो माणूस उठला नाही. ही वायर बघ, तोंडातून शब्द न काढता तिने उठवलं. परवा डॉक्टरांकडे जायचंय. तोवर हात लावायचा नाही तिला."

धाकट्याने हात लावला नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. साखर खाली आली होती, इंजेक्शनं टळली होती.

"काय करता हल्ली?" त्यांनी विचारलं.

"नोकरी," बाबा म्हणाले.

शेवटचा रविवार उजाडला तेव्हा तीन व्हिडिओ उरले होते आणि संध्याकाळी सहापर्यंत सगळं द्यायचं होतं. धाकट्याने पेनड्राइव्ह भरून पुढे केला.

"आज रविवार," बाबा म्हणाले. "रविवारी बटवडा नाही."

"बाबा, आज शेवटची तारीख आहे."

"मग शनिवारी टाकायचं." जेवण करून ते खुर्चीत बसले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

"मी नेतो वर," धाकटा आईला म्हणाला.

"त्यांची पिशवी असताना? जन्मात माफ करणार नाहीत तुला."

उरला एकच उपाय. आईने खुर्ची मागून धरली, धाकट्याने पायाखाली हात घातला आणि दोघांनी बाबांसकट शिसवी खुर्ची बोटभर उचलली. वायर निघाली. खुर्ची टेकली, पण जरा जोरातच.

"काय चाललंय?" बाबांनी डोळे उघडले.

आईने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याच्या हातात वायर होती. तिच्यावर खुर्चीच्या पायाचा चौकोनी ठसा उमटला होता. थापेला जागाच नव्हती. त्याने सगळं सांगितलं, उठणं, बसणं, एक आणि नव्व्याण्णव.

बाबांनी वायर हातात घेऊन ठशावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे इतके दिवस माझ्यामुळे अडलं होतं."

"तुमच्यामुळे नाही हो बाबा, खुर्चीमुळे."

"खुर्चीत कोण होतं?"

धाकटा आत गेला आणि त्याने फाइल पाठवली. सात मिनिटांनी तो बाहेर आला. बाबा तसेच बसून होते. खाकी पिशवीची त्यांनी चौपदरी घडी घातली होती आणि ती मांडीवर ठेवली होती. आई त्यांच्याकडे न बघता मघापासून तोच टेबल पुसत होती.

"गेली?" बाबांनी विचारलं.

"गेली. पोचलीसुद्धा."

"कुणी सांगितलं?"

"इथे पडद्यावर आलं ना."

"तो पडदा कुणाचा? पाठवणाऱ्याचाच ना?" बाबा किंचित पुढे सरकले. "पाठवणारा काय, म्हणणारच पोचली म्हणून. त्याला टाकून मोकळं व्हायचं असतं. घेणाऱ्याची सही कुठाय?"

"ती आता लागत नाही बाबा."

"कुणाला लागत नाही?" बाबांनी पिशवीची घडी उलगडली आणि वही बाहेर काढली. "आतापर्यंतच्या प्रत्येक खेपेची पोच या वहीत आहे, आणि आजच्या फाइलची नाही. उद्या ती नाही म्हणाली तर?"

"ताई कशाला नाही म्हणेल?"

"पेन दे."

"पण रविवारी बटवडा नसतो ना?" आईने टेबल पुसता पुसता विचारलं.

"बटवडा नसतो," बाबा जिन्याशी पोचले होते. "चौकशी असते."

पावलं वर चढू लागली. वरून ताईचा आवाज आला, "आता काय सही? फाइल तर केव्हाच आली!" आणि बाबांचा, "तेच लिहून दे."

धाकट्याने पुढची फाइल लावली. नव्व्याण्णव. हॉलमध्ये खुर्ची रिकामी होती. वायर अजून तिच्या पायाखाली असती, तरी वेग तेवढाच भरला असता.