तानाजीरावांची नजर

आमचे शेजारी तानाजीराव लग्नपत्रिकासुद्धा ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहतात. चाकणच्या एका कंपनीत मालाची शेवटची तपासणी त्यांच्याकडे, त्यामुळे जगात बिनचूक काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही. माझी नवीकोरी स्कूटर आली तेव्हा त्यांनी आधी मडगार्डवरचा केसाएवढा ओरखडा दाखवला. "डिफेक्ट हाय," म्हणाले आणि मग पेढा घेतला. तोही उलटा करून पाहून.

अशा माणसाला एके दिवशी लिफ्टचं बटण चाचपडताना पाहिलं आणि मीच पुढे होऊन ते दाबलं.

त्यांची केमो सुरू होऊन तीन महिने झाले होते. डोळ्यांतून सारखं पाणी. सोसायटीतल्या लोकांना वाटायचं, बिचारे रडतात. त्याचा त्यांना भयंकर राग. अंधुक दिसतंय हे मी ओळखलं, तर त्यांनी मला शपथच घातली, बायकोला, म्हणजे शांताकाकूंना, आणि डॉक्टरांना सांगायचं नाही. डोळ्यांपायी औषध बंद केलं तर आजार उलटेल, ही धास्ती. मी गप्प राहिलो आणि रोज स्वतःला शिव्या घातल्या.

शेवटी पाणी पाहून केमोच्या डॉक्टरांनीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. काकू आणि मी सोबत होतो. बाईंनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तानाजीरावांनी मान ताठ करून इंग्रजी अक्षरं घडाघडा म्हटली, शेवटच्या ओळीपर्यंत. कंपनीत दरवर्षी तपासनिसांचे डोळे तपासतात. तिथला तक्ता त्यांना तोंडपाठ.

भिंतीवरचा तक्ता आकड्यांचा होता.

हसू कुणालाच आलं नाही. औषधामुळे डोळ्यांतलं पाणी वाहून नेणारी नळी आवळू शकते, लवकर कळलं तर उपाय असतात, लपवलं तर मात्र अवघड होतं, असं बाईंनी शांतपणे समजावलं. मग म्हणाल्या, "खरं सांगा, काय दिसत नाही?"

तानाजीरावांनी आधी रुमालाने डोळे टिपले.

"हिचं तोंड," ते म्हणाले. "पंधरा दिस झालं."

समोरच बसलेल्या काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि आपला चेहरा त्यांच्या अगदी जवळ नेला.

"पंधरा दिस मी तुमच्याम्होरं बसून मुकाट रडतीया," त्या म्हणाल्या. "तुमी इचारत न्हाई. मला वाटलं, तुमाला माझा कटाळा आला."