काळ्या चौकटीतले मास्तर

या रविवारी निदान दहा माणसं येणारच, याबद्दल येरोलिम मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती! दहा म्हणजे अगदी कमीत कमी. पंधराही येतील. वीस आली तर सेंट डॅमियनच्या एवढ्याशा चर्चमध्ये सगळी एकदम मावणार नाहीत, मग दोन तुकड्या कराव्या लागतील, हेसुद्धा त्यांनी कागदावर आखून ठेवलं होतं.

ही खात्री कशाच्या जोरावर, असं तुम्ही विचाराल. कशाच्याच नाही! शाळेतून निवृत्त झाल्यापासून गेली सात वर्षं मास्तर हिवाळ्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बेटावर भटकंती काढत होते. खडक, झाडं, पक्षी, मध्ययुगातले दगडावरचे लेख, व्हेनिसवाल्यांचे पडके बुरूज, सगळं दाखवायचं, सगळं समजावून सांगायचं आणि शेवटी सगळ्यांना थर्मासमधला चहा पाजायचा. सात वर्षांत हजेरी किती? पहिल्या वर्षी एक जर्मन जोडपं आलं होतं, तेही रस्ता चुकून. नंतर एकदा एक बकरी अर्ध्या वाटेपर्यंत आली होती. बाकी मास्तर एकटेच जात, एकटेच बोलत आणि भरलेला थर्मास तसाच घेऊन घरी येत.

गावात माणसं नऊशे. उन्हाळ्यात प्रवाशांची झुंबड, तेव्हा गावकऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. हिवाळ्यात फुरसतच फुरसत, तेव्हा घराबाहेर पडायचा कंटाळा. शिवाय दगड बघायला कोण जाणार? "मास्तर, दगड मी रोज उचलून फेकतो," असं कुझ्मा त्यांना तोंडावर म्हणाला होता. कुझ्मा दफनभूमीची देखभाल करायचा, त्यामुळे त्याचा या विषयातला अधिकार मोठा होता.

म्हणून मास्तरांनी यंदा मनाशी ठरवून टाकलं. ही शेवटची खेप. एक, फक्त एक माणूस जरी चालायला आला, तरी बेटावर राहायचं. नाही आला, तर घराला कुलूप ठोकून ओसियेकला धाकट्या भावाकडे जायचं. भाऊ केव्हापासून बोलावत होता. पण ओसियेक म्हणजे सपाट! जिकडे बघावं तिकडे काळी माती, मका आणि पुन्हा मका. चाळीस वर्षं मुलांना खडक शिकवलेल्या माणसानं चिखलात जाऊन बसायचं, या नुसत्या कल्पनेनं मास्तर खिशातला दगड चाचपून बघायचे. पण भरलेला थर्मास किती वर्षं वाहायचा, यालाही काही मर्यादा असते.

तेव्हा या वेळी जाहिरात झोकात करायची! गुरुवारी मास्तर श्पिरोच्या छापखान्यात गेले. श्पिरोचे डोळे टीव्हीवरच्या फुटबॉलवर होते.

"श्पिरो, फोटो टाकायचा. माझा. चांगला मोठा!"

"टाकू की."

"हा घे. टाय घातलेला. आणि मजकूर या कागदावर आहे. उद्या मी चाललोय, तेवढ्यात फळ्यावर लावून टाक."

"काळजीच सोडा मास्तर! ए, पास दे ना, गाढवा!" हे शेवटचं टीव्हीला.

कागदावर मास्तरांचं नाव होतं. खाली, रविवारी दुपारी तीन वाजता दफनभूमीजवळच्या सेंट डॅमियन चर्चपाशी सर्वांनी आवर्जून यावे, असं होतं. त्याखाली बारीक अक्षरात खडक, झाडं आणि जुन्या लेखांची माहिती होती.

आता श्पिरोचं असं, की उन्हाळ्यात तो होड्यांच्या सहलींची पत्रकं छापतो आणि हिवाळ्यात फक्त निधनाच्या सूचना. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि वेळ काळ्या चौकटीत छापून बाजारातल्या फळ्यावर लावायची. सकाळची कॉफी घशाखाली उतरण्याआधी सगळं गाव तो फळा वाचून येतं. टाय घातलेला फोटो, दुपारचे तीन, दफनभूमी! श्पिरोचा हात सवयीनं काळ्या चौकटीवर गेला. डोक्यावरचा क्रूस तर आपोआपच आला. मजकूर वाचायची त्याला खोड नव्हती. शुक्रवारी दुपारी त्याच्या बायकोनं, मांदानं, गोंद लावून तो कागद गेल्या आठवड्यात वारलेल्या एका म्हातारीच्या शेजारी चिकटवला.

पाच मिनिटांत कॉफीच्या टपरीवर बोंब झाली.

"अरे देवा! मास्तर गेले!"

"कोण, येरोलिम मास्तर? सकाळी तर बोटीवर चढताना दिसले मला! गालाला रुमाल लावून उभे होते."

"म्हणजे पलीकडे झादारच्या मोठ्या इस्पितळात चालले असणार बिचारे!"

"पण गालाला काय झालं होतं?"

"गाल कसला घेऊन बसलास! हृदय! हृदयाचं दुखणं आधी दाढेत उतरतं. माझ्या मेव्हण्याचं अगदी असंच झालं."

"मास्तर स्वतः आले होते रे माझ्याकडे!" श्पिरो डोळे पुसत म्हणाला. "स्वतः फोटो दिला, स्वतः वेळ सांगितली. 'उद्या मी चाललोय' म्हणाले! माणसाला आधीच कळलं होतं!"

"कामात इतका चोख माणूस पुन्हा होणे नाही!"

शनिवारपर्यंत मास्तरांनी नर्सच्या हातात प्राण सोडला होता आणि त्यांचा शेवटचा शब्द 'चुनखडी' होता, इथपर्यंत मजल गेली. बारीक अक्षर कोणीच वाचलं नाही. त्या जागी एरवी नातेवाइकांची नावं असतात, आणि मास्तरांना गावात नातेवाईक कुठले? शवपेटी रविवारच्या बोटीनं येणार असं फादर नाडालिननी गृहीत धरलं. कुझ्मानं मास्तरांच्या घराण्याची कबर घासूनपुसून तिच्यावरची शिळा सरकवली. बँडवाल्यांनी आपली पितळी वाद्यं लख्ख केली.

आणि मास्तर? त्यांनी झादारला दाढ काढून घेतली आणि शनिवारी संध्याकाळी भर पावसात ते परतले. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. सुजलेला गाल सांभाळत ते घरात शिरले आणि झोपले. या दोन दिवसांत त्यांच्या दारावर कोणाचीही थाप पडली नव्हती. मेलेल्या माणसाचं दार कोण ठोठावणार? खरं सांगायचं तर ते जिवंत असतानाही कोणी ठोठावत नसे.

रविवारी पावणेतीनला मास्तर थर्मास घेऊन मागच्या पायवाटेनं चर्चपाशी आले आणि जागच्या जागी खिळले. माणसंच माणसं! त्यांनी मोजली. त्रेसष्ट! सगळी काळ्या कपड्यांत, इस्त्री करून, केस चापूनचोपून. बँडसुद्धा!

"मंडळी!" मास्तर गहिवरून ओरडले. "आलात!"

कर्ण्यातून एक विचित्र सूर निसटला. दोन बायकांनी छातीवर क्रूस काढला. फादरांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

आता तुम्हीच सांगा, डोळ्यांत आनंदाश्रू आलेल्या माणसाला 'आम्ही तुम्हाला पुरायला आलोय' असं तोंडावर कसं सांगायचं? गावानं फादरांकडे पाहिलं. फादरांनी श्पिरोकडे पाहिलं. श्पिरोनं आपल्या बुटांकडे पाहिलं.

"आलो की!" अखेर फादर म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचा आवाज चिरकला.

मास्तरांची नजर मच्छीमार संघाच्या अध्यक्षांकडे गेली. ते एक भलंमोठं पुष्पचक्र पाठीमागे लपवायची धडपड करत होते. त्याच्या फितीवर 'मास्तरांना अखेरचा निरोप' असं सोनेरी अक्षरात होतं.

"म्हणजे तुम्हाला कळलं?" मास्तरांनी फीत वाचून विचारलं. "मी कायमचा जाणार हे मी एका माणसाजवळ बोललो नव्हतो!"

"गाव लहान आहे हो मास्तर," अध्यक्ष घाम पुसत म्हणाले. "कळतंच."

"पण मंडळी, तुमचं हे प्रेम पाहून माझं जाणं रद्द!"

"रद्द ना? हो, आम्हालाही तुम्हाला बघून तसंच वाटलं," अध्यक्ष म्हणाले.

मग काय! मास्तर पुढे आणि गाव मागे. उंच टाचांचे बूट कपारीत अडकत होते, ढोल काटेरी झुडपांना घासत होता, वारा फादरांचा झगा डोक्यावर नेत होता, पण मागे फिरायची कोणाची छाती झाली नाही. मास्तरांनी चर्चच्या दारावरचा सातशे वर्षांपूर्वीचा लेख बोट फिरवून वाचून दाखवला. कुणा गवंड्यानं ग्लागोल नावाच्या जुन्या लिपीत लिहिलं होतं, 'हे मी एकट्यानं बांधलं.' मास्तर म्हणाले, "या माणसाचं नावसुद्धा उरलं नाही. पण कोणीतरी थांबून वाचावं एवढीच त्याची इच्छा होती." एका कोळ्यानं नाक शिंकरलं. त्याला खरंच भरून आलं होतं.

परतताना वाट दफनभूमीतून होती. तिथं मास्तर थबकले.

"अरे! आमची कबर कुणी उघडली? कुझ्मा!"

"हवा, मास्तर," कुझ्मा भिंतीआडून म्हणाला. "जरा हवा खेळावी म्हणून."

"शाबास! अरे, आतला थर लोकांना दाखवावा असं मला कधीपासून वाटत होतं!" असं म्हणून मास्तर धपकन आत उतरले.

गर्दीतून "अगं आई गं!" असा एकच आवाज उठला.

"ही कबर अखंड खडकात खोदलेली आहे," आतून मास्तरांचा आवाज घुमला. "आणि हे गोल गोल दिसतंय ना, नाण्यांसारखं? हे समुद्रातले जीव, चार कोटी वर्षांपूर्वीचे! वाका, वाका! मागच्यांना जागा द्या!"

माणसं रांग लावून एकेक करत वाकली आणि आत पाहून क्रूस काढत पुढे सरकली. मास्तरांच्या शेजारच्या घरातल्या लुक्रेबाईंनी तेवढं विचारलं, "मास्तर, हे जीव खायला चांगले लागत असतील का?" आख्ख्या दुपारचा तो एकुलता एक प्रश्न! मास्तर उत्तर देणार एवढ्यात बँडमास्तरनं पाहिलं, की मास्तर कबरीत, फादर काठावर आणि लोक रांगेत. सवयीनं त्याची काठी हलली आणि बँडनं शोकधून सुरू केली.

"वा! संगीतही!" मास्तर खालून म्हणाले.

"वर या हो मास्तर, तुमच्या पाया पडते!" मांदा हुंदके देत ओरडली.

थर्मास पहिल्यांदाच रिकामा झाला. घोटघोटभरही पुरला नाही.

"मग पुढच्या महिन्यात पुन्हा?" मास्तरांनी विचारलं.

फादरांनी त्यांचा हात हातात घेतला. "मास्तर, असा दिवस माणसाच्या वाट्याला एकदाच येतो."

आपली जाहिरात एकदा डोळे भरून पाहावी म्हणून मास्तर बाजारातून गेले. फळ्यापुढे उभे राहिले. काळी चौकट. वर क्रूस. शेजारी वारलेली म्हातारी. त्यांनी कागद तीनदा वाचला. मग पुष्पचक्र आठवलं, शोकधून आठवली, कुझ्माची हवा आठवली. आधी ते मोठ्यानं हसले. मग तिथल्याच पायरीवर बसले.

त्रेसष्ट माणसं आली होती खरी, पण ती या चौकटीतल्या माणसासाठी. दगड दाखवणाऱ्या जिवंत येरोलिमसाठी एकही नाही. सात वर्षं रिकाम्या वाटेवर चालताना वाटलं नव्हतं इतकं एकटं त्यांना त्या पायरीवर वाटलं. घरी येऊन त्यांनी बॅग काढली, तिच्यात चार सदरे टाकले आणि भावाला लावायला फोन उचलला.

तेवढ्यात दार वाजलं. लुक्रेबाई माशांच्या सुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. बाई नऊ वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. दोघांच्या घरांत एकच भिंत होती आणि बोलणं वर्षातून दोनदा, तेही कचऱ्याच्या डब्यावरून.

"लुक्रेबाई, तुम्हीसुद्धा मला पुरायलाच आला होतात ना?" मास्तरांनी उंबऱ्यातच विचारलं.

"मी? छे! तुम्ही जिवंत आहात हे मला सकाळी सहालाच कळलं. भिंतीपलीकडे हातोडा सुरू झाला ना तुमचा! मेलेला माणूस रविवारी दगड फोडत बसत नाही. आता तरी मेली झोप मिळेल म्हटलं, तर कुठलं काय!"

"मग गावाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आलं असतं का कोणी?"

मास्तर दारातून बाजूला सरले.

"आणि तुम्ही कशाला आलात?"

"चालायला! जाड बूट दिसले नाहीत माझे? सात वर्षं खिडकीतून बघतेय, भरलेला थर्मास नेताय आणि भरलेला आणताय. पण मी एकटी बाई तुमच्याबरोबर डोंगरात निघाले, तर गाव काय म्हणेल? आज म्हटलं गर्दी आहे, खपून जाईल."

"म्हणजे एक," मास्तर पुटपुटले.

"काय एक?"

"काही नाही. पुढच्या महिन्यात याल?"

"महिनाभर कशाला थांबायचं? येत्या रविवारीच जाऊ. गावानं काय म्हणायचं ते म्हणू दे. जिवंत माणसाला पुरायला निघालेल्यांना बोलायला तोंड आहे का आता? सूप गार होतंय, घ्या!"

मास्तरांनी आठवडाभर तयारी केली. कुठल्या खडकापाशी थांबायचं, काय सांगायचं, कुठं जरा विनोद करायचा, सगळं टिपून ठेवलं. रविवारी बदामाची झाडं फुललेली, ऊन छान पडलेलं, आणि वाटेवर दोघंच. पहिल्या खडकापाशी मास्तरांनी घसा खाकरला.

"लुक्रेबाई, हा खडक चार कोटी वर्षांपूर्वी..."

"चार कोटी! अगं बाई! आमच्या सासूबाईपण अश्शाच होत्या हो, हलायचं नाव नाही," असं म्हणून लुक्रेबाईंनी जी सुरुवात केली, ती सासूवरून नवऱ्यावर, नवऱ्यावरून त्याच्या होडीवर, होडीवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून डॉक्टरवर! नऊ वर्षांचं साचलेलं होतं सगळं. पाच वाजता दोघं घरी परतली, तेव्हा मास्तरांचं ते पहिलं वाक्य अजून अर्धंच होतं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी ओसियेकला फोन लावला.

"मी काही येत नाही," ते भावाला म्हणाले. "मला इथं माणूस मिळालंय."

"अरे वा! शेवटी तुझं ऐकणारं कोणी मिळालं म्हणायचं!"

मास्तर जरा ओशाळले.

"ऐकणारं नाही रे," ते म्हणाले. "बोलणारं."