पांढरीच्या टेकाडावर सारवण जाहले त्याची हकीकत

श्रीधरित्रीमाता, जी पोटातले लवकर सांगत नाही आणि एकदा सांगू लागली म्हणजे थांबत नाही, तिचे पायी मस्तक ठेवून, आणि खापराच्या तुकड्यांस, हाडांच्या किरचांस व चहाच्या किटलीस यथायोग्य वंदन करून, डोळ्यांदेखत जे घडले ते लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ मासी, आमचे राज्यात एक मोहीम जाहली. राज्य कोणते म्हणाल, तर नावाचे प्रयोजन नाही. नदीचे वळणावर आहे, देवीची जत्रा थोर भरते, आणि वाद घालण्यात राजा प्रजेस हार जात नाही व प्रजा राजास. ह्या राज्याचे उगवतीस एक टेकाड आहे, त्यास सर्व लोक पांढर म्हणतात, कारण तेथील माती राखेसारखी पांढुरकी, आणि जुने लोक सांगत की येथे पूर्वी वस्ती होती. परंतु जुने लोक पुष्कळच काही सांगतात, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. आणि मग टेकाडावर गुरे चरत, पोरे क्रिकेट खेळत, आणि ज्यास घर लिंपावयास माती हवी तो येऊन पाटी भरून नेई.

ऐसे सुखाने चालिले असता दूरदेशीच्या विद्यालयातून पुरातन विद्या शिकवून निवृत्त जाहलेल्या विदुषी वैजयंतीबाई करंबेळकर ह्या राज्यात दाखल जाहल्या, आणि टेकाडावर पाऊल ठेविताच खाली वाकल्या, आणि एक काळे-तांबडे खापर उचलून ऐशा हरखल्या की जणू माहेरचे माणूस भेटले. मग बाईंनी सर्वांस जमवून सांगितले की दोन-अडीच हजार वर्षांमागे येथे माणसे नांदत होती, आणि त्यांची घरे ह्याच मातीखाली आहेत. तेव्हा राज्याचे कारभारी, म्हणजे सरपंच माधवअण्णा ढमाले, ह्यांचे मनात निराळाच बेत होता. जत्रेस गाड्या फार येतात आणि त्या रस्त्यातच उभ्या राहतात, आणि मग देवीची पालखी बोनेटांमधून वाट काढीत जाते. तेव्हा टेकाड सपाट करून गाड्यांचा तळ करावा, ऐसे अण्णांनी योजिले होते, आणि खरे सांगावयाचे तर बेत अगदीच खुळा नव्हता. मग दोहों पक्षांत बोलाचाली जाहली, आणि अखेर तह ठरला तो ऐसा, की माघ सरता हुजुरातीचे, म्हणजे सरकारी पुरातत्त्व खात्याचे, परीक्षक येतील, त्यांस जागचे जागी असलेले घर दाखवावे. दाखविले तर टेकाड राहील, न दाखविले तर रोलर फिरेल. अण्णा म्हणाले, "बाई, खापरं दाखवून भागायचं न्हाई. खापरं आमच्या उकिरड्यातबी हायती. घर दावा." बाई म्हणाल्या, "दाखवते." आणि त्या रात्रंदिवस ह्या एकाच चिंतेत राहिल्या, कारण आयुष्यभर ज्या टेकाडांची त्यांनी नोंद केली त्यांपैकी निम्म्यांवर आज पेट्रोलपंप आहेत, हे त्यांनीच आम्हांस सांगितले आणि सांगताना चष्मा पुसला.

मग फौज उभी राहिली. पगार नाही, बक्षीस नाही, ऊन मात्र मुबलक, ऐसी ती फौज. तीत पहिले मानकरी वसंतराव दातीर, एसटीचे निवृत्त कंडक्टर, ह्यांजकडे शिस्तीचे काम. आणि त्यांची बेचाळीस घाटांतून घासलेली वाणी खड्ड्यातही सुटली नाही, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा," ऐसे ते म्हणत आणि पुढे तर मातीची भिंत. दुसरे खंडेराव पैलवान, ज्यांस कुंचला दिला तर दांडा मोडे आणि थापी दिली तर जमीन मोडे, म्हणून त्यांस पाट्या उचलण्याचे मोर्चावर धाडिले. तिसऱ्या आणि सर्वांत मातबर अनुसयाबाई वाघचौरे, बचतगटाच्या प्रमुख, ज्यांचे मागे पंधरा-वीस बायका पदर खोचून आल्या. आणि आम्ही चाळणीवर होतो, म्हणजे धूळ सर्व आमचे नाकी आणि मणी सापडला तर कौतुक दुसऱ्याचे, परंतु ते असो. बाईंची आज्ञा एकच होती, की जी वस्तू जेथे निघेल तेथून हलवावयाची नाही, आधी मापे, मग चित्र, मग उचलणे. पहिले दिवशी एक लाल मणी निघाला तो पाहण्यास झुंबड उडाली, आणि पैलवानांनी हात पुढे केला, तेव्हा वसंतराव गरजले, "ए, पाशिंजर बसलेत तिथंच बसूं द्या! त्यांचा स्टॉप बाई सांगतील." तेव्हापासून कोणी हात लावीना.

आणि मग एके दिवशी खापरे संपली, मातीचा रंग पालटला, आणि कुंचल्याखाली एक कठीण, सपाट, करडी जमीन लागली, आणि तिचे एका कोपऱ्यास जळकी माती व तीन धोंडे, आणि दुसरे अंगास खांब रोवल्याची भोके, आणि मधे उंबऱ्याएवढी मोकळी जागा. बाई गुडघ्यांवर बसल्या. मग सर्वांस बोलावून म्हणाल्या, "हे घर आहे. ही चूल, हे दार. कुणीतरी बाई इथे रोज वावरत होती. आता खड्ड्यात उतरतो असं समजू नका. कुणाच्या तरी घरात शिरतोय असं समजा." हे शब्द आमचे सर्वांचे कानांवरून गेले, परंतु अनुसयाबाईंचे काळजात जाऊन बसले. त्या दिवसापासून त्या खड्डा हा शब्द विसरल्या. सकाळी निघताना "घरी जाऊन येते" म्हणत, आणि त्यांचे यजमान ओसरीवरून विचारीत, "आन् मग ह्ये काय हाय?"

माघाचे अखेरीस खबर आली की परीक्षक तालुक्याचे गावी उतरले आहेत. तेव्हा त्यांस आणावयास बाई आदले दिवशीच गेल्या, आणि जाताना फौजेस एवढेच सांगून गेल्या की उद्या मोठे पाहुणे येणार, सर्वांनी हजर असावे. मग दुसरे दिवशी सूर्य उगवण्याचे सुमारास अनुसयाबाई टेकाडावर आल्या, आणि जमिनीकडे पाहून त्यांस भडभडून आले. धूळ बसलेली, चुलीपाशी पालापाचोळा उडून आलेला. त्या बायकांस म्हणाल्या, "पावणा दारात येनार आन् घर असं उघडंबोडकं? घरधनीण आसती तर तिनं ठिवलं आसतं का? ती न्हाई, तर तिच्या जागी आपुन." आणि हे बोलणे इतके रास्त वाटले की कोणाचे मनात वावगे काही आले नाही. मग ताजे शेण आले, नदीचे पाणी आले, वसंतरावांनी रांग लावून "बादली पुढं, बादली पुढं" म्हणत रिकामी-भरलीचा बंदोबस्त केला, आणि अनुसयाबाईंनी चुलीपासून आरंभ करून, मागे मागे सरत, पातळ हाताने, दारापर्यंत सगळे घर सारवून काढिले. मग बायकांनी दाराशी चार ठिपक्यांची रांगोळी घातली, एक पाट मांडिला, वर तांब्या-भांडे ठेविले. ते घर ऐसे दिसू लागले की आमचेही मन भरून आले, पैलवान तर म्हणाले, "आता नुसता चुलीत जाळ पायजे."

इतक्यात जीप आली. बाई उतरल्या, परीक्षक उतरले, मागून कारभारी अण्णा मोटारसायकलीवर, आणि टेकाडाचे पायथ्याशी रोलर आधीच येऊन धुरकत उभा. परीक्षक म्हणजे उंच, कोरडे, गमबूट घातलेले गृहस्थ. ते काठावर येऊन खाली पाहते जाहले. आणि बाईंनीही पाहिले, आणि त्यांचे तोंडचा रंग उतरला तो आम्ही चाळणीवरून पाहिला. परीक्षक म्हणाले, "हे काय आहे?" बाईंनी चष्मा काढून पुन्हा लाविला. परीक्षक म्हणाले, "मला दोन हजार वर्षांपूर्वीची जमीन पाहायची होती. ही आज सकाळची आहे. मी जे दिसतं तेच लिहितो, बाई, आणि मला शेण दिसतंय." मग अण्णा बोलले, "साहेब, मी तर म्हनतच होतो," आणि पुढे काही म्हणाले नाहीत, कारण बाईंकडे पाहून त्यांसही बरे वाटले नाही, हे त्यांचे पक्षी लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

तेव्हा अनुसयाबाई पुढे जाहल्या. हात अजून शेणाचे. म्हणाल्या, "साहेब, बाईंची चूक न्हाई. ह्यो उद्योग माझा. घर म्हनाल्या म्हनून सारवलं. आमच्यात पावण्याला अशा घरात घेत न्हाईत." आणि मग त्यांस बाईंकडे पाहवेना, आणि पदर तोंडास लावून त्या ढसढसा रडल्या. वैजयंतीबाई रागावण्यास पूर्ण अधिकारी होत्या, आणि रागावल्याही, म्हणाल्या, "अनुसयाबाई, अहो, तीन आठवडे कुंचल्याने साफ करतोय आपण! कुंचल्याने!" आणि मग वळून खड्ड्याचे काठी जाऊन बसल्या. परीक्षक निघावयास वळले. परंतु आमचे राज्यात पाहुणा दाराशी आला तर त्यास तोंड गोड केल्यावाचून जाऊ देत नाहीत, आणि बस सुटू न देण्याची कला वसंतरावांस पुरती अवगत, म्हणून ते वाटेत हात आडवा करून म्हणाले, "साहेब, टायमाला अजून अवकाश हाय. पोहे खाल्ल्याबिगर गाडी हलत न्हाई." मग परीक्षकांस बाभळीखाली बसविले, आणि पोहे आले, चहा आला, मग पुन्हा चहा आला, आणि ऊन चांगले तापले.

बाई मात्र कोठे गेल्या नाहीत. खड्ड्याचे काठी तशाच बसून राहिल्या, मेलेल्या माणसापाशी बसावे तशा. आणि बसल्या बसल्या त्यांचे नजरेस आले की चुलीपाशीचे सारवण सुकून त्याचे एक पापुद्र्याचे टोक वर उचलले आहे. हात पातळ होता, खालची जमीन कठीण होती, आणि मधे धूळ होती, म्हणून ते धरले नव्हते. मग बाईंनी पिशवीतून बारीक सुरी काढिली, आणि श्वास रोखून ते टोक अलगद उचलिले, आणि तळहाताएवढी खपली सबंध निघाली, आणि निघताना सगळी धूळ पोटाशी घेऊन निघाली. खाली पाहून बाई ओरडल्या, "अनुसयाबाई! इकडे या! आधी इकडे या!" आम्ही सर्व धावलो. खपलीखाली जुनी जमीन स्वच्छ उघडी, आणि तिजवर बोटांचे फराटे, एकापुढे एक, अर्धचंद्रासारखे, चार बोटांचे, सारवताना उठतात तसे. आमच्या कुंचल्यांनी तीन आठवडे धूळ त्याच फराट्यांत ढकलून बसविली होती, आणि शेणाने ती एका सकाळी ओढून काढिली. मग बाई एक खपली काढीत आणि अनुसयाबाई ती सुपात झेलीत, ऐसे करीत दोघी चुलीपासून दाराकडे मागे मागे सरत आल्या, आणि फराटेही त्यांचेबरोबर मागे मागे सरत आले.

आणि दारापाशी येता अनुसयाबाई एकाएकी थांबल्या, कमरेवर हात ठेवून खाली पाहिले, आणि रडके डोळे तसेच असता कडाडल्या, "आगं बाई! ओल्यावरनं गेला मेला!" पाहतो तो दारातून आत, फराटे तुडवीत, मोठ्या पावलांचे ठसे उमटलेले, टाच खोल, सरळ चुलीकडे. मग बायकांत एकच गिल्ला जाहला. कोणी म्हणे, "बाप्याच आसनार," कोणी म्हणे, "भाकर बघाया गेला आसंल," आणि एक म्हातारी म्हणाली, "सांगितलं आसंल तिनं, थांब जरा, वाळूं दे. ऐकत्यात व्हय?" आणि त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गृहस्थास सर्वांनी मिळून ऐसे काही झाडिले की पैलवान व आम्ही दोन पावले मागे सरलो.

गलबला ऐकून परीक्षक पोह्यांची बशी हाती तशीच घेऊन आले. त्यांनी फराटे पाहिले, ठसे पाहिले, कडेने वाकून जमिनीचा छेद पाहिला, त्यात सारवणाखाली सारवण ऐसे कागदाएवढे पातळ थर कितीक, एकावर एक. मग बशी वसंतरावांचे हाती दिली, खाली बसले, आणि गमबूट काढू लागले. ते लवकर निघेनात, तेव्हा पैलवानांनी ओढून दिले. मग परीक्षकांनी ते दोन्ही बूट रांगोळीचे अलीकडे जोडून ठेविले, आणि मोज्यांनिशी, फराटे व ठसे चुकवीत, अंग चोरून, ते दारातून आत गेले. तेव्हा सर्वांस कळले की परीक्षकांनी ते घर मानिले. कारभारी अण्णाही मागोमाग निघाले, तो अनुसयाबाई म्हणाल्या, "अण्णा, चपला." आणि अण्णांनी चपला काढिल्या. मग आत उभे राहून चुलीकडे पाहत ते हळूच म्हणाले, "लहानच हाय की घर." आणि बाहेर येऊन त्यांनी रोलरवाल्यास हातानेच खूण केली की ने माघारी.

एकूण मजकूर एवढाच. टेकाड राहिले. गाड्या अद्याप रस्त्यातच उभ्या राहतात आणि पालखी बोनेटांमधून वाट काढीत जाते, त्याची तजवीज अण्णा दुसरीकडे शोधीत आहेत. वैजयंतीबाईंनी अनुसयाबाईंकडून पुन्हा न विचारता शेणास हात न लावण्याचे वचन घेतले, आणि मग थरांचे चित्र काढिले, कारण त्यांचे विद्येत जो थर पडला तो दाखवावाच लागतो, आवडो वा न आवडो. अनुसयाबाईंनी ते पाहावयास मागितले. बाईंनी बोट ठेवून दाखविले की हे खालचे सगळे थर त्या घरच्या बाईचे, मग वर पडलेली माती आपण काढली ती, आणि हा सर्वांत वरचा तुमचा. अनुसयाबाई कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी तिच्यामागं सारवाया मीच आले. मधी कुनीच न्हाई." आणि हात स्वच्छ होते तरी पदरास पुसून, त्यांनी त्या रेघेवरून एकवार बोट फिरविले.