चैतालीबाईंची वलंदेज मोहीम आणि कांताबाईंचा गुडघा

पोहणारे, पळणारे, सायकल मारणारे आणि बाल्कनीत उभे राहून या तिघांस नावे ठेवणारे, ऐसे समस्त सुज्ञ जन यांचे सेवेसी सादर. विश्रांतवाडी येथील मैत्री सोसायटीचे सभासदांनी बखरकारास जिन्यात गाठून आज्ञा केली की, राजमान्य राजश्री चैतालीबाई ओव्हाळ यांनी सातासमुद्रापार जाऊन जखम व ज्वर ऐशा दोन गनिमांशी झुंज घेतली आणि मातोश्रींशी केलेला करार तडीस नेला, त्याची हकीकत तळमजल्यास एक आणि तिसऱ्या मजल्यास भलतीच सांगतात, तरी खरे काय ते एकवार कागदी असावे. त्यावरून शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, जे जाहले ते लिहिले आहे. बाईमाणसास हा मायना चालत नाही ऐसे कोणी म्हणेल, तर त्याने आधी अर्धा कोस पोहून दाखवावे. पदरचे मीठ चवीपुरतेच घातले आहे, ज्यास खारट लागेल त्याने पाणी प्यावे.

तर मूळ प्रकरण ऐसे. चैतालीबाई खराडीचे संगणक कंपनीत दुसऱ्यांनी रचलेल्या प्रोग्रामांतील चुका काढण्याचे कामावर, वय वर्षे एक्केचाळीस. हा चुका काढण्याचा हुन्नर मातृपक्षाकडून आला, कारण मातोश्री कांताबाई महापालिकेचे दवाखान्यात पस्तीस वर्षे सिस्टर होत्या आणि नोकरी सुटली तरी हुकूम सुटला नव्हता. तीर्थरूप पोपटराव टपाल खात्यातून निवृत्त, स्वभावे गरीब, आणि घरातील दोन सत्तांमध्ये खलिते पोचवणे हेच त्यांचे उरलेले काम. चैतालीबाईंस चाळिशी लागताच ट्रायथलॉनचे वेड लागले. हा खेळ म्हणजे आधी अर्धा कोस पोहणे, मग ओलेत्यानेच तेरा कोस सायकल, आणि मग तीन कोस धावणे, आणि हे सर्व दहा घटकांत, म्हणजे आपले घड्याळी चार तासांत, आणि मध्ये चहा नाही. गेल्या साली पवनेचे जलाशयावर बाई उतरल्या, शर्थ केली, आणि पंधरा पळे, म्हणजे सहा मिनिटे, उशिरा पोचल्या. तोवर संयोजकांनी कमान उतरवावयास घेतली होती, त्यांनी पदक नाही म्हणोन हाती केळे दिले. ते केळे चैतालीबाईंच्या घशाखाली वर्षभर उतरले नाही.

इकडे कांताबाईंचा उजवा गुडघा झिजून पार कामातून गेला होता, आणि डॉक्टरांनी तीन वर्षांमागे निकाल दिला होता की बदलावा. परंतु ज्या बाईने हजारो रोग्यांचा हात धरून त्यांस ऑपरेशनचे खोलीपर्यंत नेले आणि मुंगी चावल्यागत वाटेल म्हणोन दिलासा दिला, तिची स्वतःची पाळी येताच पाचावर धारण बसली, आणि मग आधी पाऊस फार आहे, मग ऊन फार आहे, मग पोपटरावांस कुकर लावता येत नाही, ऐसी एकेक सबब पुढे येऊ लागली. सोसायटीस लिफ्ट नाही आणि बाई दुसरे मजल्यावर. धम्मचक्र दिनास विहारात जाऊन आल्या, जिना चढण्यास अर्धी घटका लागली, त्या दिवसापासून त्यांनी खाली पाऊल ठेवले नाही, आणि कोणी विचारिले तर म्हणत की खाली आहे तरी काय.

चैतालीबाईंस हे पाहवत नव्हते. एके दिवशी जेवताना बोलाचाली वाढली, आणि कांताबाईंनी जाहीर केले की तू तुझी ती शर्यत वेळेत पुरी कर, त्याच दिवशी मी ऑपरेशनची तारीख घेते. पोपटरावांनी लागलीच कॅलेंडरचे मागले पानी करारनामा लिहिला आणि उभयतांच्या सह्या घेतल्या. कांताबाईंनी सही ठसठशीत केली, कारण सहा मिनिटे उशीर करणारी पोर काय वेळेत पोचते, गुडघा आपला जागचे जागी राहिला, ऐसा त्यांचा होरा.

शर्यत ठरली फाल्गुन शुद्ध एकादशी, रविवारी. तो कंपनीचा हुकूम आला की वलंदेजांचे मुलखी, ज्यास हल्ली नेदरलँड्स म्हणतात, आइंडहोवन शहरी गिऱ्हाइकाचे नवे काम उभे राहते आहे, तरी सहा आठवडे तेथे मुक्काम करावा. चैतालीबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. कांताबाईंनी पोर थंडीत जाणार म्हणोन डोळ्यांस पदर लावला आणि पदराआड किंचित हसल्यादेखील. मग पळण्याचे बूट, पोहण्याचा चष्मा आणि जवसाची चटणी ऐसा सरंजाम बांधून पौष शुद्ध सप्तमीस बाईंनी लोहगावचे विमानतळाहून कूच केले.

वलंदेजांचा मुलूख सपाट, चढ औषधालाही नाही, आणि वारा ऐसा की ज्या दिशेस जावे तिकडूनच समोर यावा. तेथील रयत लहानथोर सायकलीवर. चैतालीबाईंनी एक भाड्याने घेतली, काळी, जड, म्हशीसारखी, आणि तिचे हँडलास ब्रेक नव्हता. ब्रेक तेथे पायात असतो, पायडल उलटे फिरवले की चाक जागीच धरते. दुकानदाराने हे सांगितले होते आणि बाईंनी मानही डोलावली होती. परंतु पुण्याचे माणूस मोकळा रस्ता लागला की पायडल उलटे फिरवीत कर्र कर्र आवाज ऐकत बसते, ही लहानपणची खोड, आणि खोड काही विमानतळावर काढून घेत नाहीत. नवव्या दिवशी, बर्फ भुरभुरले होते, चैतालीबाईंस सायकलीची लय सापडली, जिवास बरे वाटले, आणि पायांनी आपण होऊन उलटा फेरा घेतला. सायकल जागी राहिली आणि बाई पुढे गेल्या. उजवा गुडघा आपटून टम्म सुजला. मातोश्रींचाही उजवाच.

तेव्हा मागून खेर्दाबाई नामे चौऱ्याहत्तर वर्षांची वलंदेज म्हातारी आली, जी रोज सकाळी सायकलीचे टोपलीत कोबी घेऊन चैतालीबाईंस मागे टाकून जात असे. तिने बाईंस उठवून वैद्याकडे नेले. वैद्याने गुडघा दाबला, हाड शाबूत आहे म्हणाला, पॅरासिटामॉल घ्या म्हणाला, आणि दार उघडून धरले. इतके लागले आणि साधे इंजेक्शनही नाही, हा चैतालीबाईंस अपमान वाटला, आणि मग नाइलाजे त्यांनी मोबाईलवर मातोश्रींस गुडघा दाखवला. कांताबाईंनी चष्मा लावून पाहिले, दाबावयास लावले, वाकवावयास लावले, आणि हुकूम सोडला की तीन आठवडे धावणे बंद, सायकल बंद, जिना बंद.

आता येथे पेच पडला. मातोश्रींचा अनुभव पस्तीस वर्षांचा, परंतु वैद्य शत्रुपक्षाचा, कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? हुकूम औषधाचा की राजकारणाचा हे पोपटरावांस गुपचूप विचारिले, तर ते म्हणाले की मी टपाल खात्यात होतो, मला पत्ते विचार. अखेर बाईंनी पायांपुरता हुकूम मानला आणि हातांची फौज मोकळी सोडली. तेथील पोहण्याचे तलावात सकाळची एकच वेळ रिकामी, ती साठीपुढील मंडळींची. खेर्दाबाईंनी रदबदली केली, आणि मग वीस वलंदेज म्हातारे व एक पुणेकरीण ऐसा तांडा रोज पाण्यात पडू लागला, बाई मांड्यांत तरंगता ठोकळा धरून नुसत्या हातांनी पाणी ओढीत. तेथे एके दिवशी दिसले की खेर्दाबाईंचे दोन्ही गुडघ्यांवर उभ्या खुणा आहेत, दोन्ही बदललेले, सहा वर्षे जाहली. चैतालीबाईंनी परवानगी घेऊन त्यांचे छायाचित्र काढिले आणि काही न लिहिता मातोश्रींस रवाना केले. उलट जबाब आला, "टाके नीट घातले नाहीत."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बाविसाव्या दिवशी ज्वराने गाठले, एकशे तीन. अंग मोडून आले, घसा धरला, दुलईवर कोट आणि कोटावर टॉवेल घालूनही हुडहुडी जाईना, आणि तेथील वैद्यास कळवले तर जबाब ठरलेला, पॅरासिटामॉल. बाईंनी पोपटरावांस फोन करून कळवले आणि निक्षून सांगितले की आईच्या कानी घालू नका. पोपटरावांनी उभ्या आयुष्यात एकही टपाल दाबून ठेवले नव्हते, हेही ठेवले नाही.

कांताबाईंनी मोबाईल हाती घेतला. शर्यत सोड, एवढे दोन शब्द बोलल्या असत्या तर करार तेथेच बुडाला असता, गुडघा वाचला असता, आणि कोणी दोषही दिला नसता. त्यांनी लेकीचा उतरलेला चेहरा पाहिला. तोंड उघडावयास लावले, श्वास मोजले, नाडी मोजावयास लावली, आणि खोकावयास लावले. त्यानंतर जे बोलल्या ते बखरकाराने जसेच्या तसे उतरविले आहे.

"ऐक. पाच दिवस अंथरूण सोडायचं नाही. सहाव्या दिवशी खोलीतल्या खोलीत चाल. सकाळची नाडी खाली आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, आणि श्वास लागला तर सरळ हॉस्पिटलात जायचं, मग तो वैद्य काही म्हणो. आणि गुडघ्याचे तीन आठवडे सांगितले होते ना, त्यातले दहा दिवस माझ्या सोयीचे होते."

"माहीत होतं," चैतालीबाई म्हणाल्या.

"मग पाळलंस कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून."

कांताबाई यावर रडल्या. पदर वगैरे न लावता रडल्या, आणि मग नाक पुसून हुकूम केला की तेवढी चटणी खाऊ नकोस, घसा आणखी धरेल.

येथून दोन सत्तांची एकजूट जाहली. ज्वर उतरला, आणि कांताबाईंनी गुडघ्यास बळ येण्याचा इलाज सांगितला, तो ऐसा की टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घ्यावी, पाय खाली दाबावा, दहा अंक मोजेतो धरावा आणि सोडावा. दाखवावे कैसे, म्हणोन स्वतः पलंगावर आडव्या होऊन आपलेच दुखऱ्या पायावर दाखवले. मग रोज तेथे सकाळचे आठ, पुण्यास दुपारचे साडेबारा, मायलेकी सातासमुद्रांचे दो तीरी आडव्या पडून टॉवेल दाबीत, आणि आकडे कांताबाई मोजीत. हे मी केवळ दाखवण्यासाठी करते, ऐसे त्या पोपटरावांस रोज सांगत. माघ सरता चैतालीबाई स्वदेशी दाखल जाहल्या आणि तीन आठवडे उरलीसुरली तयारी मन लावून केली.

एकादशीस पहाटे कांताबाई म्हणाल्या की मी येणार. तेव्हा सोसायटीतील चौघांनी त्यांस प्लास्टिकचे खुर्चीत बसवून दोन मजले उतरवले, मैत्री सोसायटीत पालखी निघाली ती ही पहिलीच, आणि पवनेकाठी कमानीशेजारी नेऊन बसवले. चैतालीबाई पाण्यात पडल्या, तो काय सांगावे, म्हाताऱ्यांचे तलावात कमावलेले हात ऐसे चालले की गेल्या सालाहून बरेच आधी बाहेर आल्या. सायकलीवर समोरून वारा आला, तो वलंदेजांचे वाऱ्यापुढे फुंकर वाटला. उतारावर दोनदा पाय उलटा फिरवण्याची हुक्की आली, ती त्यांनी दात खाऊन दाबली. परंतु धावताना दुसऱ्या कोसास गुडघ्याने डोके वर काढिले, तिसऱ्या कोसास बाई लंगडू लागल्या, आणि कमान नजरेच्या टप्प्यात आली तेव्हा उभ्याच राहिल्या. घड्याळात मिनिटे उरली होती सहा.

कांताबाई पाहत होत्या. पोर तेथे बसली असती तर त्यांचे सगळे साधले असते. त्या खुर्चीतून उठल्या, कोणाचा हात घेतला नाही, आणि दोरीच्या कडेने लंगडत पावलामागे पाऊल टाकीत लेकीपाशी गेल्या, चाळीस पावले, पाच महिन्यांत इतके चालणे प्रथमच. आणि मग वॉर्डात चालत असे तो आवाज लावला. "चैताली, पाय उचल. मला तारीख घ्यायची आहे."

चैतालीबाईंनी पाय उचलला. दोरीच्या आत लेक लंगडत धावते, दोरीच्या बाहेर आई लंगडत चालते, आणि मागून पोपटराव खुर्ची घेऊन येतात, ऐसे ते कमानीशी पोचले, आणि दहा घटकांस पाच पळे, म्हणजे दोन मिनिटे, बाकी असता बाईंनी रेघ ओलांडली. संयोजकांनी पदक दिले आणि केळेही दिले. केळे बाईंनी तेथेच उभ्या उभ्या खाल्ले.

कांताबाईंनी त्याच जागी मोबाईल मागून घेतला आणि दवाखान्यात तारीख मुक्रर केली. चैत्रात ऑपरेशन जाहले. तिसरे दिवशी चैतालीबाईंनी पलंगाशी उभे राहून हुकूम सोडला की टॉवेलची गुंडाळी रोज चाळीस वेळा. कांताबाई म्हणाल्या, डॉक्टरांनी वीस सांगितले आहे, वरचे वीस औषधाचे की तुझ्या सोयीचे? चैतालीबाई म्हणाल्या, सोयीचे. मग कांताबाईंनी चाळीस केले.

येणेप्रमाणे जखम मोडली, ज्वर नामोहरम जाहला आणि करार उभयपक्षी पाळला गेला, कॅलेंडरचे ते पान पोपटरावांपाशी जपून आहे, ज्यास संशय असेल त्याने चहाचे वेळी जाऊन पाहावे. वैशाखी पौर्णिमेस, शके एकोणीसशे एक्केचाळीस, कांताबाई कठड्यास एक हात लावून, खुर्ची न घेता, दोन मजले उतरल्या, पायऱ्या छत्तीस, आणि विहारात जाऊन आल्या. खाली काय आहे ते समक्ष पाहिले, आणि पुष्कळ काही आहे, ऐसे परत येऊन पोपटरावांस कळवले. मोहीम फत्ते, लेखनसीमा.