शेजारच्या सिटवर कोण?

गड्यांनो, बुलेट तुमच्याकडं असंल, जीप असंल, एखाद्याकडं शर्यतीचा बैल असंल. माझ्याकडं विमान हाय! खरंखुरं! दोन सिटांचं, आख्खं पत्र्याचं! अन् असलं दणकट, की नांगरटीत उतरवलं तरी म्हणंल, "एवढंच व्हय?"

दक्षिणेकडच्या कुठल्याशा फ्लाइंग क्लबनं आदळून भंगारात काढलेलं. माझ्या अब्बांचं, म्हणजे निसार मिस्त्रींचं, ट्रकच्या बॉड्या बांधायचं गॅरेज हाय. त्यांनी ठोकून ठोकून त्याचा एकेक पोचा काढला. तवर मी लायसन काढलं, साहेब लोकांनी येऊन मशीन पास केलं, अन् २००२ च्या दिवाळीला पेठ वडगावजवळ आकाराममामांच्या मुरमाड माळावर विमान उभं ऱ्हायलं. माझ्या दोस्तानं, कृष्णातनं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, पेढं वाटलं.

माझा प्लॅन एकदम फिक्स! पैल्या रविवारी शेजारच्या सिटवर कृष्णात, दुसऱ्या रविवारी संघर्ष, तिसऱ्या रविवारी अब्बा, मग सगळी गल्ली. वर्सभर नंबर लागणार!

कृष्णात म्हणला, "सुगी होऊ दे."

संघर्ष म्हणला, "माझं लगीन व्हायचंय अजून."

अब्बा म्हणले, "मी न्हाय बसणार."

"अवो, तुमीच ठोकलंय की!"

"म्हणूनच."

दर रविवारी दोस्त यायची बरं का! आत बसायची, गॉगल लावायची, फोटो काढायची. मी इंजनाला हात लावला, की दार उघडून खाली! कॅमेऱ्यातलं रीळ संपलं, की मिसळ खायला. मला म्हणायची, "तू ये मागनं."

मग मी एकटाच वर. वरनं पंचगंगा कशी दिसतीया म्हायताय? कुणीतरी ओढणी वाळत घालून इसरून गेल्यागत! मी म्हणायचो, "आयला, ते बघ!" अन् शेजारी बघायचो. शेजारी नुसता पट्टा. इंजनाच्या हादऱ्यानं त्याचं बक्कल टकटक वाजायचं, कुणीतरी कडी वाजवतंय तसं. कोण न्हाय.

खाली आल्यावर सांगावं, तर माळावर मामांची म्हस. एकदा तिला पण सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग शेण टाकून गेली.

होळी झाली, ऊन तापलं. एका बाजाराच्या दिवशी मी मामांच्या गुऱ्हाळातनं गुळाच्या दोन ढेपा आणल्या, पोत्यात घातल्या, शेजारच्या सिटवर ठेवून पट्टा लावला. मामास्नी म्हणलं, "एकटा असलो की विमान एका अंगाला कलतंय. उसन्या द्या, माघारी आणतो." खोटं न्हाय ते! पण मग पोत्याला माझं जाकीट घातलं अन् वर हेल्मेट ठेवलं, ते कशाला? ते इचारू नका.

झकास झाली ती चक्कर! आख्खं वडगाव दावलं मी त्याला. बाजारावरनं जरा खालनंच गेलो. चूक तितं झाली! उतरल्यावर पोतं तसंच ठेवून विमानावर ताडपत्री टाकली. म्हणलं, रविवारी लागंलच.

सांजच्याला कृष्णात गाडी फेकतच आला.

"कोण हुतं रं?"

"कोण, कुठं?"

"आख्ख्या बाजारानं बघितलंय दोघास्नी! अन् नारळ कुणी फोडलेला? मी! पैला मान कुणाचा?"

"तूच म्हणलास की, सुगी होऊ दे!"

"म्हणून दुसरं बसवशील व्हय?"

आता आपल्याकडं कसं असतंय, पंगतीला या या म्हणून बोलवा, माणूस हलणार न्हाय. पण त्याच्या पाटावर दुसरा बसला, की सात पिढ्यांचं वैर! मी सांगायला पायजे हुतं, पोतं हाय म्हणून. पण एवढ्या दिसांत पैल्यांदा कुणीतरी त्या सिटबद्दल इचारत हुतं. मी नुसता हसलो.

त्या हसण्यानं घात केला! पोत्याचं सुतळीचं धागं वाऱ्यानं उघड्या खिडकीतनं बाहेर आलेलं. बाजारातली एक म्हणली, केस लांब हुतं. दुसरीनं त्या केसांची वेणी घातली. तिसरीनं वेणीत गजरा माळला. आमच्या घरापर्यंत येईस्तोवर पोरगी बीए झालेली!

अम्मीनं ताटच वाढलं न्हाय. "कौन है वो?"

"अम्मी, कोण न्हाय."

"कोई नहीं कू हेल्मेट पहनाया?"

रविवारी माळावर जत्रा! कृष्णात अन् संघर्ष, आधी कोण बसणार यावरनं एकमेकाची कॉलर धरून. रिक्षातनं अम्मी, अब्बांची भन म्हंजे फुफी, अन् गल्लीतल्या धोंडुबाई, पोरीचा ठावठिकाणा काढायला. अब्बा हत्यारांची पेटी घेऊन. अन् मामा, ढेपा माघारी न्ह्यायला.

मी ताडपत्री ओढली. दार उघडलं.

पत्र्याच्या बंद डब्यात, असल्या उन्हात, गूळ! पोतं फतकल मारून बसलेलं. जाकीट पाकात भिजलेलं. हेल्मेट मांडीवर. अन् मुंग्या अशा, की जाकीट आपलं आपण हालत हुतं!

"हीच व्हय सून?" धोंडुबाई म्हणल्या.

"सून कुठली! माझ्या ढेपा हाईत!" मामा वरडले.

कृष्णात तर माळावर लोळला. "आमास्नी सोडून गूळ फिरवला रं ह्यानं!" हसता हसता कुणीतरी मिसळीचं नाव काढलं, अन् दोघं गेली. बसायचं ऱ्हायलंच. बायका तेवढ्या बाभळीच्या सावलीत थांबल्या. टोमणं शिल्लक हुतं.

अब्बा हसले न्हाईत. पोतं खाली ओढलं, मुंग्या झाडल्या, सिट खरवडायला लागले. पलीकडचा कोपरा हाताला येईना, म्हणून वर चढले अन् बसून खरवडलं. मग उठायला गेले. उठंनात.

"नईम."

"काय?"

"पायजमा धरलाय."

मी हाताला धरून ओढलं. टर्रर्र! अब्बा जागच्या जागी थिजले. समोर अम्मी, फुफी, धोंडुबाई.

"आता काय करायचं, अब्बा?"

"पायजमा हितं ठेवून उतरू बायकांत? चालू कर. त्या घरला जाईस्तोवर वर फिरव."

गड्यांनो, इंजनाच्या आधी माझं काळीज चालू झालं! पट्टा लावला, दार लावलं, अन् उडालो की!

पण विमान उडाल्यावर बायका कशाला जात्यात? रिक्षाकडं निघालेल्या पण माघारी फिरल्या! वडगावातनं सायकली निघाल्या! आमी वर घिरट्या घालतोय अन् खाली गर्दी वाढतीया!

मला कसलं काय! शेजारी माणूस हुतं! जित्तं! साठलेलं सगळं व्हटावर आलं.

"अब्बा, ते बघा—"

"गप."

"न्हाय, पर खाली—"

"बोलायचं न्हाय. म्होरं बघ."

अन् अब्बांनी डोळं गच्च मिटलं. एक हात मात्र माझ्या गुडघ्यावर, घट्ट. भ्या वाटलं म्हणून, का दुसरं काय, म्हायती न्हाय. इचारणार कसं? बोलायचं न्हवतं.

पेट्रोल सरत आलं तवा उतरलो. अम्मीनं रिक्षातली चादर दिली. एवढा वेळ मी उभ्या जन्मात गप बसलो न्हवतो. ते सगळं बोलणं तसंच आत ऱ्हायलंय, म्हणून तर तुमास्नी धरून सांगतोय की मघापासनं...

आँ? उठलासा? आरं, थांबा की! च्या सांगितलाय!